पूर ओसरल्यावर मूत्रपिंडात वाजणारा भोंगा

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की अख्ख्या कोल्हापूरचं लक्ष पाण्याकडे लागतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 55 फुटांच्याही वर गेलं होतं. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप मात्र येतो पाणी उतरल्यावर, घर धुऊन आणि गोठ्यातला गाळ उपसून झाल्यावर. बहुधा 5 ते 14 दिवसांनी. तोवर पायाला कुठे खरचटलं होतं, हेही कुणाला आठवत नाही.

लेप्टोस्पायरा हा पिळदार जिवाणू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडातल्या नलिकांत महिनोन्‌महिने मुक्काम करतो, आणि उंदराचं काही बिघडत नाही. लघवीवाटे तो पाण्याचिखलात येतो, आपल्या जखमेतून रक्तात शिरतो आणि पुन्हा मूत्रपिंडच गाठतो. माणसाच्या मूत्रपिंडात मात्र त्याचं येणं शांतपणे खपत नाही.

आपली मूत्रपिंडं दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळतात. त्यातला जवळजवळ सगळा द्रव नलिकांच्या पेशी परत रक्तात घेतात. याच पेशींकडे पहाऱ्याचंही काम असतं. त्यासाठी त्यांच्यावर जिवाणूंच्या खुणा ओळखणारे ‘टोल’ कुळातले ग्राहक-रेणू असतात. (हे कुळ आधी फळमाशीत सापडलं, त्यावरच्या संशोधनाला 2011 चं नोबेल मिळालं.) लेप्टोस्पायराच्या बाह्य आवरणावर लिपएल-32 नावाचं प्रथिन भरपूर असतं. ते टीएलआर-2 या टोल कुळातल्या ग्राहकाला भिडलं की पेशीत एनएफ-कॅपा-बी हा प्रथिन-रेणू मोकळा होतो. एरवी त्याला दुसऱ्या एका प्रथिनाने जखडून ठेवलेलं असतं. सुटला की तो थेट केंद्रकात जातो आणि दाहाची जनुकं चालू करतो. साखर कारखान्याचा भोंगा वाजावा तशी आसपासच्या पांढऱ्या पेशींना हाक जाते. त्या येतात, नलिकांच्या भोवती दाटतात, सूज येते. मूत्रपिंडाच्या नुकसानीत या दाहाचा वाटा मोठा असतो.

गंमत अशी, की अनेक जिवाणूंच्या आवरणातले चरबी-शर्करेचे रेणू (लिपोपॉलिसॅकराइड) ओळखणारा आपला टीएलआर-4 लेप्टोस्पायराच्या बाबतीत फसतो. प्रयोगशाळेतल्या छोट्या उंदरांचा टीएलआर-4 मात्र तीच गोष्ट बरोबर ओळखतो, आणि ते या जिवाणूला बऱ्यापैकी आवरतात.

या आजाराची एक खूण मला फार बोलकी वाटते. मूत्रपिंड निकामी झालं की सहसा लघवी कमी होते आणि रक्तातलं पोटॅशियम चढतं. लेप्टोमध्ये, निदान सुरुवातीला, बऱ्याचदा लघवी होत राहते आणि पोटॅशियम उतरतं. नलिकेच्या पहिल्या भागातल्या पेशींना सोडियम नीट परत घेता येत नाही. ते पुढे वाहत जातं आणि पुढच्या भागात त्याच्या बदल्यात पोटॅशियम लघवीत सोडलं जातं.

डॉक्सिसायक्लिन, पेनिसिलिन ही साधी औषधं लवकर सुरू झाली तर चांगली लागू पडतात. म्हणून ताप, लाल डोळे आणि पोटऱ्यांत असह्य दुखणं घेऊन दवाखान्यात गेलात, तर आपण पुराच्या पाण्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना विचारण्याआधीच सांगा.