कालसंकल्पना, सार्वजनिक धोरणातील

धोरण आखताना आणि त्याचे मूल्यमापन करताना काळ कसा मोजायचा, कोणत्या तारखेपासून मोजायचा आणि किती दूरचे भविष्य हिशेबात घ्यायचे, याविषयीच्या गृहीतकांना धोरणातील कालसंकल्पना म्हणतात. ती उद्दिष्टांत क्वचितच लिहिलेली असतात. मुदत, आधारवर्ष, अंतिम दिनांक अशा किरकोळ वाटणाऱ्या शब्दांत ती दडलेली असतात. ग्रामीण विदर्भात त्यांचा परिणाम ठळकपणे दिसतो, कारण तेथे शेतीचे वर्ष आणि शासनाचे वर्ष एकमेकांशी जुळत नाही.

शासनाचे आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होते; सालगड्याचे, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतमजुराचे, साल गुढीपाडव्याला ठरते आणि पेरणी मृगाच्या पावसाकडे पाहून होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास शेतात सीतादही (वेचणीपूर्वीची शेतपूजा) करून कपाशीचा पहिला वेचा निघतो, पुढचे वेचे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत लांबतात आणि विहिरीला पाणी असलेला शेतकरी त्यानंतर फरदडही (तीच झाडे राखून घेतलेले जादा पीक) घेतो. नागपूर व अमरावती विभागांत खरिपाची अंतिम पैसेवारी (पीक किती आले याचा पैशांत मांडलेला सरकारी अंदाज) मात्र 31 डिसेंबरला जाहीर होते. ती 50 पैशांच्या आत आली, तरच जमीन महसुलातील सूट व वीजबिलातील सवलत यांचा मार्ग मोकळा होतो. म्हणजे शेवटचा कापूस घरात येण्यापूर्वीच पिकाचा निकाल कागदावर लागलेला असतो. याउलट 2016 साली सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीतील नुकसानीची सूचना देण्यास पुढे 72 तासांची मुदत ठेवण्यात आली. नाल्याच्या पुराने रस्ता तुटलेल्या आणि मोबाइलला रेंज नसलेल्या गावात हे तीन दिवस फार लवकर सरतात.

मुदत नेहमी चुकतेच असे नाही. गुलाबी बोंडअळीच्या 2017 मधील प्रादुर्भावानंतर कृषी विभागाने डिसेंबरअखेर कपाशी काढून टाकण्याचा आणि मान्सूनपूर्व लागवड टाळण्याचा आग्रह धरला. ही तारीख किडीचा जीवनक्रम पाहून ठरलेली असल्याने ती शेतकऱ्याला पटवून देता येते. फरदडीचे चार पैसे मात्र त्यालाच सोडावे लागतात.

या विषयातील सर्वांत बोलका शब्द ‘अनुशेष’, म्हणजे विकासातील साचलेली तूट, हा होय. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली 1983 साली नेमलेल्या समितीने राज्याच्या सरासरीपेक्षा मागे असलेल्या जिल्ह्यांची तूट रुपयांत मांडली. एकूण अनुशेष सुमारे 3,187 कोटी रुपये निघाला व त्यात विदर्भाचा वाटा सुमारे 39 टक्के होता. 1994 च्या स्थितीवर आधारलेल्या पुढच्या मोजणीत राज्याचा आकडा सुमारे 14,007 कोटींवर गेला. किमती व निकष बदलल्यामुळे दोन्ही आकड्यांची सरळ तुलना करणे योग्य नाही. पण पद्धतीतली मेख त्यातून कळते. आधारदिनांक एकदा गोठवला की नंतरची वर्षे मोजणीबाहेर पडतात, आणि मागासलेल्या जिल्ह्याची जुनी तूट भरून निघेपर्यंत पुढारलेले जिल्हे काही थांबून राहत नाहीत. कागदावरचा अनुशेष संपला तरी अंतर तेवढेच राहू शकते.

कर्जमाफीतही अशी एक तारीखच निर्णायक ठरते. 2008 च्या केंद्रीय कर्जमाफीत 31 डिसेंबर 2007 रोजी कर्ज थकीत असणे ही अट होती, त्यामुळे दागिने मोडून वेळेत फेड करणारा शेतकरी बाहेर राहिला.

प्रकल्पांच्या विश्लेषणात भविष्यातील लाभाचे आजचे मूल्य काढण्यासाठी वटाव दर वापरतात. तो 10 टक्के धरल्यास 50 वर्षांनी मिळणाऱ्या 100 रुपयांचे आजचे मूल्य एक रुपयाही भरत नाही. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन 1988 साली झाले आणि 2008-09 च्या सुमारास ते राष्ट्रीय प्रकल्प ठरले, तेव्हाही काम अपूर्णच होते. बुडित क्षेत्रातल्या माणसाने वाट पाहण्यात घालवलेल्या वर्षांना अशा हिशेबात रकाना नसतो.

2006 च्या वनहक्क कायद्याने पिढीची लांबीच 25 वर्षे ठरवून दिली. इतर पारंपरिक वननिवासींना 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. इतके जुने कागद झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातल्या, घरांत सहसा सापडत नाहीत. मात्र नियमांनी गावातील ज्येष्ठांचे लिहून घेतलेले कथनही पुरावा म्हणून मान्य केले आहे. ग्रामसभेत म्हातारा माणूस साल सांगतो ते एखाद्या मोठ्या पुरावरून किंवा पटकीच्या साथीवरून, आणि त्याचे इसवी सन लावण्याचे काम दावा लिहिणाऱ्याकडे येते.