टायमिंग चेन बदलणे (जुन्या मोटारगाड्यांतील)

टायमिंग चेन ही इंजिनातील क्रँकशाफ्टची (पिस्टनांमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) गती कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व उघडझाप करणाऱ्या दांड्यापर्यंत) पोहोचवणारी पोलादी साखळी होय. चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एकच फेरा व्हावा लागतो, आणि पिस्टनच्या चढ-उताराशी व्हॉल्वच्या उघडझापीचा मेळ याच साखळीवर अवलंबून असतो. साखळी, तिची दातेचक्रे, तिला आधार देणाऱ्या पट्ट्या (गाइड) आणि ताण राखणारा टेन्शनर हे भाग झिजल्यावर ते एकत्र बदलण्याच्या कामाला गॅरेजमध्ये ‘टायमिंग किट बदलणे’ म्हणतात.

साखळी ताणली, असे बोलण्यात येते. प्रत्यक्षात पोलाद ताणले जात नाही. प्रत्येक सांध्यातील पिन आणि तिच्याभोवतीची नळी एकमेकींवर घासून झिजतात. एका सांध्यात मिलिमीटरचा शंभरावा भाग जरी झिजला, तरी शंभर सांध्यांची साखळी १ मिलिमीटरने लांबते, आणि तेवढ्याने कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या किंचित मागे पडू लागतो. या झिजेचे मोठे कारण ऑइल हेच असते. डिझेल इंजिनाच्या ऑइलात काजळी मिसळत जाते. ऑइल वेळेवर बदलले नाही तर ती सांध्यांत बारीक रेतीसारखे काम करते. शिवाय टेन्शनर बहुधा ऑइलच्याच दाबावर चालत असल्याने ऑइलची पातळी घटली की साखळीचा ताणही घटतो.

भारतात या कामाचे परिचित उदाहरण म्हणजे फियाटचे १२४८ घनसेंटिमीटरचे १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन. ते २००३ मध्ये युरोपात आले. पुढे स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा अशा अनेक गाड्यांत ते बसवले गेले; पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यातही त्याचे उत्पादन झाले. २०२० मध्ये वाहनांच्या धुराबाबतचे बीएस-६ निकष लागू झाल्यावर भारतीय बाजारातील नव्या गाड्यांतून ते गेले, पण रस्त्यावर त्याच्या जुन्या गाड्या अजून पुष्कळ आहेत. साखळी इंजिनाइतकीच टिकते हा समज अशा गाड्यांच्या बाबतीत महागात पडतो.

सकाळी थंड इंजिनाला सेल्फ मारल्यावर दोन-चार सेकंद खडखड ऐकू येणे, हे पहिले लक्षण. ऑइलचा दाब चढला की आवाज थांबतो, आणि म्हणूनच मालक त्याकडे काणाडोळा करतात. पुढे इंजिन गरम असतानाही साखळी वाजते, गाडी ओढत नाही, क्रँक आणि कॅम यांच्या सेन्सरांचा मेळ नसल्याचा पी००१६ हा बिघाडाचा कोड गाडीच्या संगणकात येतो. ढिली साखळी दात सोडून पुढे सरकली तर व्हॉल्व पिस्टनवर आदळू शकतात. मल्टिजेटमध्ये अशा वेळी रॉकर (कॅमच्या जोराने व्हॉल्व दाबणारे छोटे भाग) तुटतात, व्हॉल्व वाकतात, आणि मग हेड (व्हॉल्व असलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवण्यावाचून गत्यंतर नसते.

किट बदलताना ऑइल काढून, इंजिनाला खालून टेकू देऊन टायमिंगच्या बाजूचे माउंटिंग (इंजिन गाडीला धरून ठेवणारा आधार), क्रँकची पुली, ऑइल चेंबर (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे) आणि पुढचे झाकण उतरवतात. मल्टिजेटच्या पुलीच्या बोल्टला उलटे आटे आहेत: तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सैल होतो. हे ठाऊक नसलेला कारागीर सवयीने उलट जोर लावून तो आणखी आवळत राहतो. झाकण निघाल्यावर गाइडच्या प्लॅस्टिकवर साखळीने पाडलेल्या खाचा नखालाही जाणवतात. प्लॅस्टिकचा तुकडा पडला असेल तर तो चेंबरमध्ये शोधावाच लागतो, कारण तो ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतो.

क्रँक आणि कॅम खास पिनांनी जागेवर अडकवल्याशिवाय जुनी साखळी काढू नये. रंगाच्या खुणांवर विसंबणे या इंजिनात पुरेसे नाही. पैसे वाचवण्यासाठी फक्त साखळी बदलण्याचा आग्रह धरला जातो, तो चुकीचा आहे: जुन्या दातेचक्रांचे दाते जुन्या साखळीच्या मापाने झिजलेले असतात आणि नवी साखळी त्यांवर लवकर खराब होते. क्रँकचे ऑइल सीलही याच वेळी नवे घालतात. टेन्शनर मोकळा करून आणि पिना काढून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवतात, पिना पुन्हा अचूक बसतात का हे पाहतात, आणि त्यानंतरच झाकण लावतात.

नवे ऑइल आणि फिल्टर घालून पहिल्यांदा सुरू करताना टेन्शनर रिकामा असल्याने क्षणभर खडखड होते. ती काही सेकंदांत थांबली नाही तर इंजिन तत्काळ बंद करून ऑइलचा दाब तपासावा.