आगाऊ भरलेले पैसे लगेच घरमालकाच्या खिशात जातात का?

थोड्या दिवसांसाठी ऑनलाइन घर भाड्याने घेताना पैसे भरताक्षणीच ते घरमालकाच्या हाती पडतात आणि घर खोटे निघाले तर ते बुडालेच, हा समज वर्षानुवर्षे फिरत आहे. प्रत्यक्षात, २००८ साली सुरू झालेल्या एअरबीएनबी या घरे भाड्याने देण्या-घेण्याच्या संकेतस्थळावर ही रक्कम कंपनीकडेच राहते आणि साधारणपणे पाहुण्याच्या ठरलेल्या आगमनानंतर सुमारे २४ तासांनी घरमालकाकडे रवाना होते. म्हणूनच दार उघडल्यावर घर जाहिरातीपेक्षा वेगळे दिसले, तर छायाचित्रे काढून, घरमालकाला संकेतस्थळावरूनच निरोप धाडून तेव्हाच तक्रार नोंदवावी. त्यासाठी ७२ तासांची मुदत असली, तरी दिरंगाई आपल्याच अंगाशी येते.

फसवणूक होतच नाही, असे नव्हे. मात्र तिची नेहमीची वाट वेगळी आहे: ‘सेवाशुल्क वाचेल, थेट माझ्या खात्यात पाठवा’ असा गोड निरोप येतो, व्यवहार संकेतस्थळाबाहेर जातो आणि त्याबरोबर संरक्षणही संपते. आरक्षण रद्द करण्याच्या अटींची धास्ती तेवढी रास्त आहे. ‘परतावा नाही’ या अटीवर घेतलेले घर केवळ बेत बदलला म्हणून सोडले, तर पैसे परत मिळण्याची आशा धरू नये.