थर घाटातले आणि थर समुद्राखालचे

डेक्कन क्वीन खंडाळ्याचा घाट चढायला लागली की डोंगराच्या अंगावर पायऱ्या दिसतात. भाचा दरवेळी विचारतो, "मामा, तेल सापडतं ते हेच थर ना?" त्याचा दोष नाही. थर म्हटलं की गाळ, असं शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं.

घाटातले थर मात्र लाव्ह्याचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, थिजला, आणि त्यावर पुढचा. दोन लोटांमध्ये बराच काळ गेला असेल, तर मधे तांबड्या मातीचा पट्टा राहतो. अंधेरीची गिल्बर्ट हिल याच कुळातली, फक्त तिथला दगड थंड होताना उभ्या खांबांसारखा चिरला. वितळलेल्या दगडात जिवाचा अंश कुठून येणार? (वरळीत बेडकांचे जीवाश्म सापडलेत खरे, पण ते दोन लाव्ह्यांमधल्या गाळात.)

आता मुंबईपासून पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटर, समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्रावर चला. तिथले थर कणाकणाने साचलेले. चिखलासोबत पुरलेला सेंद्रिय अंश शेलमध्ये, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेल्या खडकात अडकला आणि खोलवर तापून तेल झाला. तेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे वर सरकत गेलं आणि मायोसीन काळातल्या (सुमारे सव्वादोन कोटी ते पन्नास लाख वर्षांपूर्वीच्या) चुनखडकाच्या छिद्रांत मुरलं. वरून पुन्हा शेलचं झाकण. तेलाचं तळं वगैरे खाली काही नसतं. ओला स्पंज डोळ्यांसमोर आणा. आणि 'हाय' म्हणजे खोल समुद्र नव्हे, गाळाखाली गाडला गेलेला उंचवटा. आजूबाजूच्या खोलगट भागातलं तेल चढत येऊन तिथेच थांबलं. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या समुद्रात खोदणाऱ्या जहाजावरून खोदताना ते लागलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं.

गंमत अशी की जहाजावरून आवाजाच्या लहरी खाली सोडल्या आणि परत येणारा प्रतिध्वनी कागदावर उतरवला, तर गाळ काय, लाव्हा काय, दोन्हींच्या रेघाच उमटतात. लाव्ह्याच्या माथ्यावरून प्रतिध्वनी जोरात परततो आणि त्याखालचं चित्र धूसर करून टाकतो. त्यामुळे रेघ कुणाची, हे छिद्र पाडून दगडाचे तुकडे वर आणल्याशिवाय पक्कं होत नाही.

पण मग लाव्ह्याच्या काळ्या दगडात तेल नाहीच, असं भाच्याला ठासून सांगितलं असतं तर मीच फसलो असतो. मुंबई हायच्या बुडाशी असलेल्या कठीण खडकाच्या भेगांतूनही तेल मिळालंय. ते तिथे जन्मलेलं नाही, शेजारच्या गाळातून शिरलेलं. आमच्या गिरगावच्या भाषेत सांगायचं तर पागडीवर राहायला आलेलं.