गुराखी कुत्र्याचे पिल्लू : शेतावरील संगोपन

गुरे हाकणे, वळवणे आणि एका जागी रोखून धरणे या कामांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून पैदा केलेल्या कुत्र्यास गुराखी कुत्रा म्हणतात. कळपात राहून हिंस्र प्राण्यांपासून जनावरांचे रक्षण करणारा राखणदार कुत्रा याहून वेगळा. राखणदाराला गुरांमागे धावावेसे वाटता कामा नये, तर गुराखी कुत्र्यात नेमकी तीच ओढ जोपासलेली असते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग या जातीच्या पिल्लाचा विचार केला आहे. निळसर छटेच्या कुत्र्याला ब्लू हीलर आणि तांबूस छटेच्या कुत्र्याला रेड हीलर असेही म्हणतात. हीलर म्हणजे टाच धरणारा. गुरांमागे पळणे हे पिल्लू रक्तातूनच घेऊन येते. थांबणे मात्र माणसाला शिकवावे लागते आणि संगोपनाचे पहिले वर्ष बहुतांशी त्यातच जाते.

जातीचा वारसा

पिल्लू असे का वागते हे कळण्यासाठी त्याच्या पूर्वजांचे काम ठाऊक असावे लागते. 19व्या शतकाच्या पूर्वार्धात ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतातल्या पशुपालकांना मोकाट वाढलेली, माणसाला न जुमानणारी गुरे शेकडो किलोमीटर चालवत सिडनीच्या बाजारात न्यावी लागत. इंग्लंडहून आलेले कुत्रे तिथल्या उन्हापुढे आणि अंतरापुढे हात टेकत. अप्पर हंटर खोऱ्यातील डार्टब्रुक येथील थॉमस हॉल या पशुपालकाने इंग्लंडमधील नॉर्थम्बर्लंडकडच्या गुरे हाकणाऱ्या कुत्र्यांचा डिंगो या तिथल्या रानकुत्र्याशी संकर केला. 1840 च्या सुमारास त्यातून तयार झालेले कुत्रे ‘हॉल्स हीलर’ म्हणून ओळखले जाऊ लागले. 1870 मध्ये हॉलचे निधन झाल्यानंतर ते त्याच्या कुटुंबाच्या कुरणांबाहेर पसरले. जातीची पहिली प्रमाण लक्षणे रॉबर्ट कॅलेस्की याने 20व्या शतकाच्या आरंभी लिहून काढली. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबची मान्यता बरीच उशिरा, 1980 मध्ये मिळाली.

या कुत्र्याची काम करण्याची रीत ठरलेली आहे. तो गुरांच्या मागे राहतो, अडून बसलेल्या जनावराच्या मागच्या पायाला खुराजवळ चावा घेतो आणि त्याच क्षणी जमिनीसरसा चपटा होतो. लाथ त्याच्या डोक्यावरून जाते. निष्णात कुत्रा ज्या पायावर जनावराचा भार आहे तोच पाय धरतो, म्हणजे तो पाय लगेच उचलता येत नाही. बॉर्डर कोली हा मेंढपाळी कुत्रा कळपाला वळसा घालून, नजरेच्या धाकाने त्याला मालकाकडे आणतो. हीलर मालकाच्या बाजूने कळपाला पुढे रेटतो. मेंढपाळी कुत्र्यांसाठी ठरलेली शिकवण जशीच्या तशी हीलरला लावली, की गोंधळ होतो तो यामुळेच.

पिल्लाची निवड

या जातीची पिल्ले जन्मतात तेव्हा बहुतेक पांढरी असतात. अंगावर एखाद-दुसरा गडद डाग आणि तोंडावर गडद ‘मुखवटा’ तेवढा असतो. निळा किंवा तांबडा ठिपकेदार रंग पुढच्या आठवड्यांत हळूहळू उमटतो. हे पांढरेपण आणणाऱ्या जनुकांशीच जन्मजात बहिरेपणाचा संबंध आहे. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात तपासलेल्या कुत्र्यांपैकी साधारण दहांतील एकाला एका किंवा दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हते. मुखवटा असलेल्या कुत्र्यांत हे प्रमाण कमी आढळले. एका कानाने बहिरे पिल्लू घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. शेतावर मात्र आवाज कोणत्या दिशेने आला हे त्याला उमगत नाही आणि ट्रॅक्टर मागे येत असताना ते चुकीच्या बाजूला उडी मारते. श्रवणयंत्रणेची विद्युत चाचणी पिल्लू सहा आठवड्यांचे झाल्यावर करता येते. ती झालेली नसेल तर पिल्लू घेऊ नये, इतके हे महत्त्वाचे आहे. दृष्टिपटल हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक विकारही या जातीत आढळतो. तो आई-बाप दोघांकडून सदोष जनुक आल्यासच होतो, म्हणून दोघांची जनुकीय तपासणी झाली आहे का हे विचारावे.

कागदपत्रांपेक्षाही आई-बाप गुरांपुढे कसे वागतात ते डोळ्यांनी पाहणे अधिक मोलाचे. एका हाकेसरशी थांबणारी आई असेल तर पिल्लाकडून आशा धरायला जागा आहे. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी 46 ते 51 सेंमी. आणि मादी 43 ते 48 सेंमी. उंच असते. कुत्रा मध्यम चणीचाच, पण भरीव आणि दणकट. पिल्लू आठ आठवड्यांचे होण्याआधी आईपासून तोडू नये. चावा किती जोराचा झाला म्हणजे दुखते, हे ते भावंडांशी खेळतानाच शिकते आणि चावणे हाच ज्याचा पुढे धंदा असणार त्याला या शिक्षणाची गरज इतरांहून अधिक.

पहिले आठवडे

साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचे मन नव्या गोष्टींना खुले असते. या काळात जे ओळखीचे झाले ते आयुष्यभर ओळखीचे राहते आणि जे कधी भेटलेच नाही त्याची भीती घर करून बसते. दूध काढण्याच्या यंत्राची धडधड, पत्र्यावरचा पाऊस, ट्रॅक्टरचे इंजिन, टोपी घातलेला अनोळखी माणूस, पाय ओढत चालणारी म्हातारी माणसे, रांगती मुले हे सारे त्याला याच दिवसांत भेटावे. अडचण अशी की लसीकरणही याच काळात अपुरे असते. डिस्टेंपर, पार्व्होव्हायरस आणि सांसर्गिक यकृतदाह यांवरील लस सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून दर दोन ते चार आठवड्यांनी, पिल्लू निदान सोळा आठवड्यांचे होईपर्यंत द्यावी लागते. रेबीजची लस साधारणतः बाराव्या आठवड्यानंतर देतात. तोवर पिल्लाला कडेवर घेऊन गोठ्यात हिंडवावे. परक्या कुत्र्यांचा वावर असलेल्या जमिनीवर सोडू नये.

आठ आठवड्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा खायला घालावे, चौथ्या महिन्याच्या सुमारास तीनदा आणि सहाव्या महिन्यानंतर दोनदा पुरते. ते दिवसातले अठरा-वीस तास झोपते. संध्याकाळी पिसाळल्यासारखे घरभर धावून सगळ्यांच्या पायांना झोंबणारे पिल्लू बहुधा झोप न झालेले असते. त्याला आणखी दमवायला नेले, की ते अधिकच चेकाळते. खोक्यात किंवा पिंजऱ्यात, अंधाऱ्या शांत कोपऱ्यात ठेवले तर ते पाचव्या मिनिटाला गाढ झोपते.

टाचांना झोंबणे

हीलरचे पिल्लू घरी आणणाऱ्या बहुतेकांची पहिली तक्रार हीच असते. मूल अंगणातून धावले की पिल्लू मागून येऊन घोट्याला दात लावते. हा राग नव्हे आणि खोडीही नव्हे. हलणारी टाच दिसली की धरायची, हा त्याच्या अंगात मुरलेला कामाचा पहिला धडा आहे. म्हणून मारझोड करणे निष्फळ तर ठरतेच, शिवाय क्रूरही ठरते. ज्या गुणासाठी पिल्लू आणले त्याच गुणाबद्दल ते मार खाते आणि त्याला काहीच कळत नाही.

उपाय साधा, पण चिकाटीचा आहे. दात लागताच हालचाल थांबवून खांबासारखे उभे राहावे. न हलणाऱ्या टाचेत पिल्लाला रस उरत नाही. त्याच वेळी तोंडात धरण्याजोगी वस्तू, जाड दोरीची गाठ वगैरे पुढे करावी आणि ती धरली की शाबासकी द्यावी. घरातील प्रत्येकाने हेच करायला हवे. एकाने ओरडायचे, दुसऱ्याने हसत पाय झटकायचे असे झाले, तर पाय झटकणाऱ्याचा खेळ जिंकतो. लहान मुले आणि पिल्लू यांना मोठ्या माणसाच्या देखरेखीशिवाय एकत्र सोडू नये. चौथ्या महिन्यापासून दुधाचे 28 दात पडून कायमचे 42 येऊ लागतात. या दिवसांत झोंबणे पुन्हा वाढते. केलेले सगळे वाया गेले असे वाटते, पण सहा-सात महिन्यांपर्यंत दात बदलून झाले की ते ओसरते.

फिरते चाक पिल्लाला टाचेसारखेच खुणावते. सायकल, मोटारसायकल, ट्रॅक्टर यांच्या चाकांवर झेपावणे पहिल्यांदा दिसेल त्याच दिवशी रोखावे. पट्टा लावून, उभ्या वाहनाजवळ शांत बसण्याबद्दल खाऊ देत सुरुवात करावी; मग इंजिन चालू करून, मग वाहन अगदी संथ चालवून. या सवयीकडे कौतुकाने पाहिल्यामुळे चाकाखाली गेलेले कुत्रे शेतावर नेहमीच ऐकायला मिळतात. यंत्रे चालू असताना पिल्लू बांधलेले किंवा कोंडलेले असावे, याला अपवाद करू नये.

गुरांशी ओळख

गुरांशी पहिली भेट कुंपणाआडून व्हावी. पिल्लू पट्ट्यात, गुरे पलीकडे आणि माणूस निवांत. पिल्लाने गुरांकडे पाहून नंतर आपण होऊन माणसाकडे पाहिले, की लगेच खाऊ द्यावा. दिवसाला पाच मिनिटे पुरे. याच्या जोडीला नाव घेताच परत येणे, थांबणे, आणि काम संपल्याचा शब्द ऐकून सोडून देणे या तीन गोष्टी अंगणात, मग कुरणात, मग गुरांच्या सान्निध्यात पक्क्या कराव्यात. संपल्याचा शब्द कोणताही असो, तो दुसऱ्या कशासाठीही वापरू नये.

सहा महिन्यांखालचे पिल्लू मोकळ्या गुरांत सोडणे ही मोठी चूक होय. एक तर त्याला लाथ चुकवता येत नाही आणि एकदा बरगडी मोडलेला कुत्रा गुरांना कायमचा भितो किंवा सूड उगवावा तसा चावू लागतो. दुसरे म्हणजे गुरे पळाली तर पिल्लाला पळवण्याची चटक लागते. हुसकावलेली गाय दूध कमी देते, गाभण गाईला इजा होते. नुकती व्यालेली गाय तर कुत्रा दिसताच अंगावर धावून येते, आणि घाबरलेले पिल्लू मालकाच्या पायांत आसऱ्याला पळाले की गाय मालकावरच येते.

प्रत्यक्ष काम वर्षाच्या आसपास सुरू करावे. कुत्र्याला सरावलेली, शांत, तरीही त्याला पाहून पुढे सरकणारी चार-सहा जनावरे लहान आवारात घ्यावीत. लांब दोरी बांधलेला कुत्रा माणसाच्या बाजूला चालवावा. गुरे पुढे सरकली की त्याला थांबवावे. दबाव काढून घेणे हेच गुरांना मिळणारे बक्षीस असते आणि हे कुत्र्यालाही उमगू लागते. चावा फक्त अडलेल्या जनावरासाठी असतो. चालत्या जनावराला चावणारा कुत्रा काम बिघडवतो, म्हणून तिथे त्याला लगेच बाजूला काढावे. वडीलधारा कुत्रा सोबत असेल तर पिल्लू पुष्कळ शिकते, पण त्याच्या वाईट सवयीही तितक्याच लवकर उचलते.

हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा साधारण वर्षभरात पक्क्या होतात. तोवर उंच वाहनातून उडी मारणे, दुचाकीमागे लांबवर धावणे टाळावे. पिल्लू थकल्याचे दाखवत नाही. या जातीचे कुत्रे पाय सुजले तरी काम सोडत नाहीत, म्हणून थांबण्याचा निर्णय माणसानेच घ्यावा लागतो.

शेतावरील धोके आणि रोग

उंदरांचे विष हा सर्वांत मोठा धोका. रक्त गोठू न देणारी विषे खाल्ल्यावर लक्षणे दिसायला काही दिवस लागतात, त्यामुळे ‘अजून ठीक दिसतो’ यावर विसंबू नये; पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्यावे. गुरांच्या खाद्यात मिसळले जाणारे मोनेन्सिन हे औषध कुत्र्याला विषारी असते. आयव्हरमेक्टिन या परजीवीनाशक औषधाची गुरांसाठीची तीव्र मात्राही तशीच, सांडलेला एक थेंब चाटणेही लहान पिल्लाला महागात पडू शकते. उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसवर लस मिळते. शेतावरच्या कुत्र्याला ती द्यावीच.

जंतांचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, दोन महिन्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा देतात. गुरे-मेंढ्यांचे कच्चे यकृत किंवा फुप्फुस कुत्र्याला कधीही घालू नये. त्यातील गाठींतून हायडॅटिड फीतकृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतो आणि त्याची अंडी पोटात गेल्यास माणसाच्या यकृतात वा फुप्फुसात गाठी होतात. ज्या भागात हा रोग आहे तिथे प्राझिक्वांटेल हे फीतकृमींवरील औषध दर सहा आठवड्यांनी देण्याचा प्रघात आहे. अशीच साखळी निओस्पोरा या परजीवीची. तो कुत्र्याच्या विष्ठेतून पसरतो हे 1998 मध्ये सिद्ध झाले. व्यालेल्या गाईची वार किंवा मेलेले वासरू खाल्ले की कुत्र्याला त्याची लागण होते. कुत्र्याची विष्ठा चाऱ्यात गेली की गाई गाभडतात. वार तत्काळ पुरणे आणि कुत्र्याला चाऱ्याच्या गंजीपासून दूर ठेवणे यांनी ही साखळी तुटते.

आयुर्मान आणि कामाची वर्षे

नीट सांभाळलेला हीलर साधारण 12 ते 15 वर्षे जगतो. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतातील रॉचेस्टर येथील ब्लूई हा या जातीचा कुत्रा 1910 पासून 1939 पर्यंत, 29 वर्षे 5 महिने जगला आणि त्यातील जवळजवळ वीस वर्षे त्याने गुरे-मेंढ्यांत काम केले अशी नोंद आहे. मात्र एवढ्या दीर्घायुष्याची अपेक्षा कोणत्याच पिल्लाकडून करू नये.

कुत्र्याला पुरती समज दीड-दोन वर्षांनी येते. काही पिल्ले तोवरही गुरांकडे ढुंकून पाहत नाहीत, काही घाबरतात, काहींची चावण्याची खोड जात नाही. अशांना गुरांत ढकलत राहणे कुत्र्यालाही जाचाचे आणि गुरांनाही. हीलर एका माणसाला घट्ट धरून राहणारा कुत्रा आहे. गुरे न हाकणारा हीलरही पहाटे कुंपण पाहायला निघालेल्या माणसाच्या दोन पावले मागे चालतो, फाटकाशी परका आला तर आधी भुंकून कळवतो आणि दुपारी माणूस बसेल तिथे त्याच्या पायाशी येऊन पडतो.