स्ट्रॉमनेसच्या धक्क्यावरचे कलादालन: पार्श्वभूमी

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे ऑर्कनी हा सुमारे 70 बेटांचा पुंजका आहे. त्यांतल्या वीसेक बेटांवर माणसे राहतात आणि सगळी मिळून लोकसंख्या जेमतेम 22 हजार भरते. मुख्य बेटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातले स्ट्रॉमनेस हे दोन-सव्वादोन हजार वस्तीचे बंदर. या गावात पिअर आर्ट्स सेंटर नावाचे कलादालन आहे, तिकीट नाही. आत शिल्पकार बार्बरा हेपवर्थ आणि नाउम गाबो, चित्रकार बेन निकल्सन आणि आल्फ्रेड वॉलिस यांची अस्सल कामे आहेत. एवढ्याशा गावात ती आली कशी, याचे उत्तर अर्धे त्या इमारतीत आहे आणि अर्धे एका बाईंच्या मैत्रीत.

आधी इमारत. स्ट्रॉमनेसचा मुख्य रस्ता फरशीबंद आणि इतका अरुंद की समोरून गाडी आली तर चालणाऱ्याने दारात सरकून उभे राहावे. रस्त्याच्या समुद्राकडच्या अंगाला घरे आडवी नाहीत. त्यांच्या त्रिकोणी शेंड्याच्या अरुंद भिंती पाण्याकडे तोंड करून आहेत आणि बहुतेक घराला स्वतःचा दगडी धक्का. ही रचना वाऱ्यामुळे आणि व्यापारामुळे झाली. वाऱ्याला भिंतीची अरुंद बाजू द्यायची आणि माल होडीतून थेट कोठारात घ्यायचा. ऑर्कनीत झाडे जवळपास नाहीत, त्यामुळे बांधकाम सगळे थराथराने निघणाऱ्या स्थानिक वालुकाश्माचे.

गावाचा पैसा अटलांटिकवरून आला. इंग्रजी खाडीत फ्रेंचांशी लढाया चालू असल्या की व्यापारी जहाजे स्कॉटलंडला वळसा घालत आणि शेवटचे गोडे पाणी इथे भरून घेत. कॅनडातला फर-व्यापार हाती असलेल्या हडसन्स बे कंपनीची जहाजे 1670 पासून 1891 पर्यंत इथल्या लॉगिन्स विहिरीवर पाणी भरत होती. ती विहीर 1931 मध्ये बंद करण्यात आली, तिच्यावरची पाटी आजही रस्त्यावरून वाचता येते. कंपनीने इथून माणसेही नेली. अठराव्या शतकाच्या अखेरीला कॅनडातल्या तिच्या नोकरांपैकी साधारण तीन चतुर्थांश ऑर्कनीचे होते. होडी वल्हवता येणारी, थंडी सोसणारी आणि कमी पगारात येणारी ही माणसे गोळा करायला कंपनीचा एजंट स्ट्रॉमनेसमध्ये बसे. 1836 ते 1867 या काळात ते काम एडवर्ड क्लाउस्टन यांच्याकडे होते. व्हिक्टोरिया स्ट्रीटवरचे त्यांचे कार्यालय आणि मागच्या धक्क्यावरचे लांबट कोठार हीच आजच्या कलादालनाची जुनी बाजू. म्हणजे ही वास्तू पहिल्यापासून बाहेरच्या जगाशी देवघेव करण्यासाठीच होती.

आता मैत्रीचा भाग. मार्गारेट गार्डिनर (1904-2005) या इजिप्तविद्येचे अभ्यासक सर अॅलन गार्डिनर यांच्या कन्या. घरचे बरे होते, पण अफाट श्रीमंती नव्हती. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या हॅम्पस्टेड भागात त्यांची हेपवर्थ आणि निकल्सन यांच्याशी ओळख झाली. त्या गल्ल्यांत तेव्हा चित्रकार, शिल्पकार, शास्त्रज्ञ, युरोपातून पळून आलेले निर्वासित असा गोतावळा होता. शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल हे मार्गारेट यांचे जोडीदार. आधुनिक शिल्पाला तेव्हा गिऱ्हाईक नव्हते. 1934 मध्ये हेपवर्थना तिळे झाले आणि घरात पैशाची चणचण होती. अशा वेळी गार्डिनर यांनी मित्रांची कामे विकत घेतली. आपण संग्राहक आहोत असे त्यांना कधी वाटले नाही. संग्रहाचा स्वभाव त्यामुळे वेगळा आहे. दिवाणखान्यात मावणारे आकार, कलावंताच्या उमेदवारीच्या काळातले प्रयोग, बाजारभावाचा विचार न करता घेतलेल्या वस्तू. कला-बाजाराच्या सल्लागाराने असा संग्रह बांधलाच नसता, आणि तेच त्याचे बळ आहे.

1939 मध्ये युद्धाच्या तोंडावर हेपवर्थ-निकल्सन कुटुंब कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हजजवळ राहायला गेले, मागोमाग गाबोही गेले. त्यामुळे संग्रहात हॅम्पस्टेडच्या जोडीला सेंट आइव्हजची दुसरी फळी आली, पीटर लॅन्यन आणि टेरी फ्रॉस्ट यांच्यासारखी. वॉलिस हे त्याच गावचे जुने दर्यावर्दी. बायको गेल्यावर, सत्तरीच्या आसपास, सोबतीला म्हणून त्यांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर जहाजाच्या रंगांनी बोटी रंगवायला घेतल्या. 1928 मध्ये निकल्सन आणि चित्रकार ख्रिस्टोफर वुड यांनी त्यांना पाहिले आणि त्यांच्या चित्रांचे मोल ओळखले. ऑर्कनीचा मच्छीमार वॉलिसच्या चित्रापुढे सर्वांत आधी थांबतो याचे नवल नाही. शिडे कशी बांधली आहेत हे त्याला कळते.

गार्डिनर 1950च्या दशकात ऑर्कनीला पहिल्यांदा गेल्या आणि राउझे बेटावर त्यांनी एक छोटे घर घेतले. पुढची वीसेक वर्षे येणे-जाणे चालू राहिले. संग्रहाचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला तेव्हा लंडनच्या एखाद्या मोठ्या संग्रहालयाला देणे सर्वांत सोपे होते. पण तिथे यांतली बरीच कामे तळघरातच राहिली असती. त्यांनी 67 कलाकृती ऑर्कनीच्या लोकांसाठी विश्वस्त संस्थेकडे सोपवल्या. व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या जुन्या इमारतींचे रूपांतर लेव्हिट बर्नस्टाइन या वास्तुविशारद संस्थेने केले आणि 1979 मध्ये दालन उघडले.

काळही अनुकूल होता. 1975 मध्ये ऑर्कनीला स्वतःची बेट-परिषद मिळाली. 1977 मध्ये फ्लोटा बेटावर उत्तर समुद्रातले तेल उतरू लागले आणि त्याच वर्षी सेंट मॅग्नस हा कला-महोत्सव सुरू झाला. शिवाय स्ट्रॉमनेसला संग्रह सांभाळायची सवय नवी नव्हती. गावचे निसर्गेतिहास मंडळ 1837 पासून स्वतःचे संग्रहालय चालवत होते.

मराठी वाचकाला इथे सातारा जिल्ह्यातले औंध आठवेल. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभारलेल्या तिथल्या श्री भवानी वस्तुसंग्रहालयात हेन्री मूर यांचे माता-बालक शिल्प आहे, आणि मूर हे हॅम्पस्टेडमध्ये याच मंडळींचे शेजारी. फरक देणाऱ्याच्या हेतूत नाही, नंतरच्या व्यवस्थेत आहे. औंधला संस्थानिकाची छाया होती, स्ट्रॉमनेसला पहिल्या दिवसापासून विश्वस्त, परिषद आणि शासनाची कला-संस्था यांच्यात वाटलेली जबाबदारी.

संग्रह बेटावर ठेवायचा म्हणजे तो खाऱ्या हवेत ठेवायचा. लोक समजतात की खरी अडचण ओलाव्याची. हिवाळ्यात ती उलटी असते. बाहेर 5 अंश सेल्सियस तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असलेली हवा आत घेऊन 20 अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे 32 टक्क्यांवर घसरते, कारण पाण्याचा अंश तेवढाच राहतो आणि हवेची तो धरून ठेवण्याची क्षमता वाढते. लाकडी चौकटी आकसतात, रंगाला भेगा पडतात. तीच हवा 16 अंशांपर्यंतच तापवली तर आर्द्रता 41 टक्क्यांच्या जवळ राहते, म्हणजे बहुतेक संग्रहालये मानतात त्या 40 ते 60 टक्क्यांच्या पट्ट्यात. चार अंशांचा फरक चित्र वाचवतो, फक्त पाहुण्यांना अंगावरचा कोट काढता येत नाही. याउलट न तापवलेल्या दगडी कोठारात भिंतीलगत ओल साचते, म्हणून चित्र भिंतीला चिकटवून टांगायचे नाही. मागे बुचाचे किंवा फेल्टचे तुकडे लावून हवा खेळती ठेवायची.

या संग्रहात माध्यमागणिक धोका बदलतो. वॉलिसचा पुठ्ठा आम्लयुक्त असतो. वर्षांनुवर्षे तो पिवळा आणि ठिसूळ होतो, आर्द्रता बदलली की वाकतो आणि वरचा जाड रंग पापुद्र्याने सुटतो. कडा वाकड्यातिकड्या कापलेल्या असतात आणि तोच चित्राचा भाग असल्याने त्या माउंटखाली (चित्राभोवती लावतात त्या जाड कागदाच्या पट्टीखाली) झाकता येत नाहीत, म्हणून पुठ्ठा उघडाच, पण खोलगट चौकटीत काचेमागे बसवतात. हेपवर्थच्या सुरुवातीच्या कामांतले अॅलाबास्टर म्हणजे जिप्समचा प्रकार. नखाने ओरखडा उठतो आणि पाण्यात किंचित विरघळतो. धूळ मऊ कोरड्या ब्रशने काढायची, ओले फडके कधीच नाही. गाबो यांच्यासारख्या पारदर्शक रचनांत सुरुवातीच्या काळात सेल्युलोजची प्लास्टिके वापरली जात. ती वाकतात, भेगाळतात, व्हिनेगरसारखा वास सोडतात आणि त्या आम्लाने शेजारच्या वस्तूही खराब करतात. अॅक्रिलिकचे काम पुष्कळ टिकाऊ, पण त्यावर ताणलेला नायलॉनचा दोरा प्रकाशाने आणि वयाने सैल पडतो.

प्रकाशाचे गणितही अक्षांशावर ठरते. 59 अंश उत्तरेला जूनमध्ये दिवस 18 तासांचा, डिसेंबरात 6 तासांचा. कागदावरच्या कामाला 50 लक्स (प्रकाशाच्या तीव्रतेचे माप) आणि तैलचित्राला 200 लक्सच्या आसपास प्रकाश पुरे मानतात. उन्हाळ्यात समुद्रावरून परावर्तित होणारे ऊन खिडकीतून आडवे आत येते आणि हा आकडा सहज कित्येक पट ओलांडते. खिडक्या बंद केल्या तर इमारतीतून बंदर दिसत नाही, आणि बंदर न दिसणारे हे दालन म्हणजे कुठल्याही शहरातली पांढरी खोली. तोडगा म्हणून दगड, कांसे असली शिल्पे खिडकीकडे ठेवायची, कागद आतल्या अंगाला न्यायचा आणि काचेवर अतिनील किरण अडवणारी फिल्म लावायची.

जुनी जागा 20-25 वर्षांत अपुरी पडली. कायमचा संग्रह टांगला की बाहेरच्या प्रदर्शनाला भिंत उरत नव्हती. लिफ्ट, मुलांच्या वर्गाची खोली, नियंत्रित हवेचे भांडार यांना वाव नव्हता. एडिंबरोच्या रीआख अँड हॉल या संस्थेने सुमारे 45 लाख पौंडांचे विस्ताराचे काम केले आणि 2007 मध्ये दालन पुन्हा उघडले. जुन्या कोठाराला लागून त्याच उंचीची, तशाच उतरत्या छपराची तिसरी इमारत उभी राहिली. तिची भिंत मात्र दगडाची नाही. काळ्या जस्तपत्र्याच्या उभ्या फासळ्या आणि मध्ये अर्धपारदर्शक काच. रस्त्यावरून ती दिसत नाही, होडीतून दिसते. त्याच वर्षी तिला स्कॉटलंडच्या सर्वोत्तम इमारतीचा अँड्र्यू डूलन पुरस्कार मिळाला. जुन्या दगडाची नक्कल करण्याचा मोह टाळला हे योग्यच झाले. नकली दगडी कोठार या धक्क्यावर लगेच उघडे पडले असते.

विस्तारानंतर संग्रहात ओलाफुर एलियासन, शॉन स्कली यांच्यासारख्या समकालीनांची भर पडली. स्ट्रॉमनेसमध्येच जन्मलेल्या सिल्व्हिया विशार्ट (1936-2008) यांचीही कामे आहेत. पुढे टेट या ब्रिटनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाच्या पुढाकाराने बांधलेल्या ब्रिटनभरच्या दालनांच्या ‘प्लस टेट’ जाळ्यात या दालनाचा समावेश झाला. स्वतःचा संग्रह असण्याचा व्यवहारी फायदा इथे दिसतो. ज्याच्याकडे उसने द्यायला हेपवर्थ आहे, त्याला उसने मिळतेही. दुसरा फायदा हवामानाचा. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरच्या स्क्रॅबस्टर बंदराहून येणारी फेरी दीड तासाची, पण मधल्या पेंटलंड फर्थ या सामुद्रधुनीतल्या वादळात ती रद्द होते. उसनी चित्रे त्या किनाऱ्यावर अडकली तरी दालन रिकामे राहत नाही, घरचे काम टांगता येते. शहाणा आयोजक उद्घाटनाआधी आठवडाभराची सवड ठेवतो. चित्रे उभी, वाहनाच्या दिशेला समांतर बांधायची. पोचलेली पेटी लगेच उघडायची नाही. 24 तास दालनात तशीच ठेवली म्हणजे थंड चित्रावर दव धरत नाही.

येणाऱ्यांचे दोन हंगाम आहेत. उन्हाळ्यात ऑर्कनीचे मुख्य गाव कर्कवॉलला वर्षाकाठी शंभराहून जास्त क्रूझ जहाजे लागतात आणि तिथून 24 किलोमीटरवरच्या स्ट्रॉमनेसला बसेस येतात. हे पाहुणे अर्धा-पाऊण तास थांबतात, त्यांना ठळक कामे आणि स्पष्ट मोठ्या अक्षरांतल्या पाट्या हव्या असतात. बेटावरच्या माणसाने ती कामे शंभरदा पाहिलेली असतात. त्याच्यासाठी मांडणी बदलावी लागते, मुलांचे वर्ग चालवावे लागतात आणि भिंत मोकळी करून द्यावी लागते. पर्यटक नसलेल्या नोव्हेंबरात दालनात कोण येते, यावरून त्याची खरी पारख होते.

नाताळाच्या सुमारास भरणारे खुले प्रदर्शन त्याचसाठी. त्यात ऑर्कनीतले हौशी आणि व्यावसायिक एकाच भिंतीवर येतात. अशा प्रदर्शनात अडचणी कलेच्या कमी आणि टांगणीच्या जास्त असतात. चौकटीमागे करवतीच्या दातांची पट्टी असेल तर चित्र तिरके होते, म्हणून दोन्ही बाजूंना उंचीच्या वरच्या एक तृतीयांशावर डी-कड्या (इंग्रजी D आकाराच्या कड्या) आणि त्यांत ताणलेली दोरी मागावी. दोरी ताणल्यावर तिचा मध्य चौकटीच्या वर डोकावता कामा नये. पेस्टल (रंगीत खडूचे चित्र) काचेला टेकले तर रंग निघून काचेवर बसते, मध्ये माउंटचे अंतर हवे. रंग ओला असलेले तैलचित्र स्वीकारू नये, आणि शेवटच्या आठवड्यात आणले जाणारे बहुतेक तैलचित्र ओलेच असते. लहान बेटांवरून येणाऱ्यांसाठी चित्रे स्वीकारण्याचा एकच दिवस ठेवला तर त्या दिवशीची छोटी फेरी चुकलेला माणूस वर्षभर बाहेर राहतो. म्हणून किमान दोन दिवस, आणि त्यांतला एक शनिवार.