पद्मिनीच्या बॉनेटखाली : घरगुती फेरफारांची पार्श्वभूमी

प्रीमियर पद्मिनी कारखान्यातून बाहेर पडली म्हणजे ती पूर्ण झाली, असे तिच्या फारशा मालकांनी कधी मानले नाही. पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर दारात आलेल्या त्या गाडीला आरसा, सीट कव्हर, गंजरोधक लेप यांपासून रेडिओपर्यंत अनेक गोष्टी मालकालाच बसवून घ्याव्या लागत, आणि हे काम बहुधा ओळखीच्या मिस्त्रीच्या दुकानात किंवा रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात होई. आज जुन्या गाडीत केलेल्या फेरफारांकडे छंद म्हणून पाहिले जाते. पण आपल्याकडे त्याची सुरुवात हौसेतून झाली नाही, उणीव भरून काढण्यातून झाली.

ही उणीव का राहिली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लर समूहाच्या व नंतर फियाटच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. नुसते सुटे भाग आणून गाड्या जोडणाऱ्यांना इथे भवितव्य नाही, असे सरकारी धोरण 1950 च्या दशकाच्या पूर्वार्धात ठरले. शिवडीत गाड्या जोडणारी जनरल मोटर्स 1954 मध्ये बाहेर पडली आणि मैदानात मोजकेच देशी उत्पादक उरले. फियाट 1100 च्या गोलसर पिढीला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटले, 1964 पासून चौकोनी वळणाची ‘डिलाइट’ आली आणि 1974 पासून तीच गाडी पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. नाव बदलले, तरी 1089 घनसेंटिमीटरचे, सुमारे 40 अश्वशक्तीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि चारही चाकांचे ड्रम ब्रेक मुळात तेच राहिले. परवाना पद्धतीत स्पर्धा जवळजवळ नव्हती, त्यामुळे गाडी बदलण्याची निकडही कारखान्याला नव्हती.

या गोठलेपणाचा एक फायदा मात्र झाला, आणि तो कोणी ठरवून दिलेला नव्हता. एका गाडीचे पुष्कळसे भाग दहा-पंधरा वर्षांनी आलेल्या गाडीलाही चालत असल्यामुळे मुंबईत ऑपेरा हाऊसच्या आणि पुण्यात नाना पेठेच्या दुकानांत नवा माल, तर कुर्ल्याच्या भंगार बाजारात मोडीत काढलेल्या गाड्यांचा माल सहज मिळे. सिलिंडर घासून स्लीव्ह (आतले नवे अस्तर) घालणे, क्रँक म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा ग्राइंड करणे ही कामे गल्लीतला लेथवालाही करी. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी तर शेतीच्या ऑइल इंजिनांवर हात बसलेले कारागीर होते आणि त्यांना फियाटच्या इंजिनात परके असे काही वाटत नसे. ज्या गाडीचा प्रत्येक नट दहा जणांना ठाऊक आहे, ती खोलायला मालकही फारसा घाबरत नाही.

या फेरफारांत सर्वांत बोलके उदाहरण दिव्यांचे आहे. जुन्या फियाटमध्ये वीज तयार करायला डायनामो असे. इंजिन मंद चालत असताना त्याचा पुरवठा तुटपुंजा पडे, म्हणून सिग्नलला उभ्या गाडीचे हेडलाइट पिवळे पडत आणि ॲक्सिलरेटर दाबला की उजळत. यावर उपाय म्हणून लोक आधी हॅलोजनचे बल्ब लावत, आणि चूक नेमकी इथे होई. 55 वॉटचे दोन दिवे 12 व्होल्टवर सुमारे 9 अँपिअर वीज ओढतात, 100 वॉटचे दोन लावले तर ती 17 अँपिअरच्या जवळ जाते. आणि हा सगळा प्रवाह स्टिअरिंगखालच्या एका लहानशा स्विचमधून व वीस वर्षे जुन्या वायरीतून जायचा. आमच्या इमारतीतल्या एका फियाटमध्ये रात्रीच्या प्रवासात डॅशबोर्डमागून आलेला जळक्या प्लॅस्टिकचा वास मला अजून आठवतो. योग्य पद्धत अशी, की बॅटरीजवळ रिले, म्हणजे थोड्याशा विजेच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, बसवायचा, त्याच्या 30 क्रमांकाच्या टोकाला फ्यूजमधून बॅटरीची जाड वायर द्यायची, 87 वरून दिव्यांना वीज न्यायची आणि जुना स्विच फक्त 85 व 86 यांमधली कॉइल चालू-बंद करण्यापुरता ठेवायचा. जाणता वायरमन आधी रिले लावी आणि मग बल्बला हात घाली. तरीही डायनामोची मर्यादा उरतेच, म्हणून पुढची पायरी अल्टरनेटरची, म्हणजे इंजिन मंद असतानाही पुरेशी वीज देणाऱ्या जनित्राची: त्यासाठी ब्रॅकेट बनवून घ्या, पट्टा सरळ रेषेत आणा, डायनामोला बॅटरीशी जोडणारा-तोडणारा जुना कटआउट काढून टाका. एक फेरफार दुसऱ्याला बोलावतो, हे या गाडीने अनेकांना शिकवले.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 रस्त्यावर आली आणि तुलनेचा मापदंडच बदलला. तोवर पद्मिनीची उणीव ही गाडी म्हटली की असायचीच, असे समजले जाई. आता ती शेजाऱ्याच्या गाडीकडे पाहून मोजली जाऊ लागली. सलग बाक काढून दोन स्वतंत्र सीट, खाली जमिनीवर आणलेला गिअर, ठिणगीची वेळ साधणाऱ्या यांत्रिक पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन असे बदल झपाट्याने पसरले. त्यांतला विजेचा पंखा मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. मूळ पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरत असल्याने गाडी रहदारीत अडकली की तो मंदावे, म्हणजे गरज असेल तेव्हाच वारा कमी. थर्मोस्टॅटवर चालणाऱ्या विजेच्या पंख्याने ही अडचण सुटली, अर्थात अल्टरनेटर आधी बसवलेला असेल तरच. प्रीमियरने स्वतःच 1985 मध्ये 118 एनई ही गाडी निस्सानच्या इंजिनासह आणली. मोडीतल्या गाडीतून काढलेले दुसरे इंजिन फियाटमध्ये उतरवण्याचे प्रयोगही झाले, पण त्यांतल्या कित्येकांत वेग वाढवला आणि ब्रेक मात्र जुनेच ठेवले, ही गोष्ट त्या काळच्या मिस्त्रींच्या कौतुकात सांगितली जात नाही.

इंधनाने आणलेले बदल ऐच्छिक नव्हते. शिसेविरहित पेट्रोल 1995 मध्ये चार महानगरांत आले आणि 2000 पर्यंत शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. शिशाचा थर जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या कडा) जपत असे, त्यामुळे इंजिनचे हेड खोलले की अधिक कठीण धातूच्या सीट बसवून घेण्याचा सल्ला गॅरेजमध्ये मिळू लागला. मुंबईत महानगर गॅसची स्थापना 1995 चीच; पुढे प्रदूषणाबाबतच्या न्यायालयीन आदेशांनंतर काळ्या-पिवळ्या टॅक्सी मोठ्या संख्येने सीएनजीवर गेल्या. 200 बार दाबाचा गॅस साठवणारी जाड टाकी डिकीत बसली आणि प्रवाशांच्या बॅगा टपावरच्या कॅरिअरवर गेल्या. मुंबईच्या टॅक्सीचे जे चित्र अनेकांच्या मनात आहे, त्यातला तो कॅरिअर गॅसच्या टाकीमुळे अपरिहार्य झाला होता.

कायद्याची रेघ हळूहळू स्पष्ट होत गेली. मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 52 फेरफारांविषयी आहे. 2000 मधील दुरुस्तीने ते कडक झाले, आणि उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकासाठी प्रत्येक बेकायदा फेरफारामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरवली. गॅस किट चालते, पण मंजूर असावे लागते आणि त्याची नोंद आरसी पुस्तकात करावी लागते. रंग बदलला तरी आरटीओला कळवावे लागते. रविवारी सकाळी सोसायटीत जे सहज होई, त्यातले पुष्कळसे आता कागदांशिवाय होत नाही.

पद्मिनीचे उत्पादन 2000 च्या सुमारास थांबले. ताडदेवच्या आरटीओत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 ची होती आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस ती सेवेतून गेली. खासगी मालकांकडच्या गाड्या मात्र आहेत आणि त्यांच्यापुढे आता वेगळाच प्रश्न आहे. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळू शकते, परंतु चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा, ही त्यातली अट आहे. 1974 ची पहिली पद्मिनी 2024 मध्ये पन्नाशीला पोहोचली. त्यामुळे परक्या गाडीचे इंजिन हौसेने बसवून घेणारे काही मालक आज कुर्ल्याच्या आणि नाना पेठेच्या दुकानांत जुनी 1089 ची इंजिने शोधत फिरतात, आणि ज्यांच्या वडिलांनी ते इंजिन भंगारात न देता माळ्यावर चढवून ठेवले होते, त्यांचे काम सोपे झाले आहे.